लाज राखावी, दुखणे राखू नये
पुरुषांच्या नाजूक जागेवरचे डाग, पुटकुळ्या आणि खाज: कशाला घाबरू नये, कशाला वेळ लावू नये

आषाढ लागला की आंदर मावळात आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. टाकव्यापासून वर खांडी-कुसवलीपर्यंत भातलावणी चालू असते. माणसे दिवसभर चिखलात वाकलेली, अंगावर ओले कपडे, आणि रात्री चुलीच्या धगीवर कशीबशी सुकवलेली चड्डी सकाळी पुन्हा अंगात. जे शेतात नाहीत ते पावसातून मोटारसायकलवर कंपनीत जातात आणि ओल्या पँटीतच आठ तासांची पाळी करतात. या दिवसांत कामशेत-वडगावकडच्या एखाद्या मेडिकल दुकानात थोडा वेळ उभे राहिले तर एक गोष्ट दिसते. एखादा तरुण येतो, गर्दी कमी होण्याची वाट पाहतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, "खाजेची ट्यूब द्या." खाज कुठे आहे, किती दिवसांची आहे, हे तो सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. ट्यूब खिशात जाते.

ती खिशातली ट्यूब आणि तो खालचा आवाज, दोन्हींबद्दल आज मोकळेपणाने लिहायचे आहे. मी डॉक्टर नाही, शिक्षक आहे. पण उर्दू-मराठी शिकवणाऱ्या माणसाकडे मोठी मुले कधी कधी धड्याबाहेरचे प्रश्न घेऊन येतात. "सर, मित्राला असं असं झालंय," अशी सुरुवात होते. हा मित्र बहुतेक वेळा समोरच उभा असतो. मुलांचे वडीलही विचारतात, पण आणखी उशिरा.

हया आपल्याकडे मोठी गोष्ट आहे, आणि असायलाच हवी. पण हया म्हणजे दुखणे लपवणे नव्हे. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी गुस्लसंबंधीचा अत्यंत नाजूक प्रश्न थेट प्रेषितांना (स.) विचारला आणि त्यांना सरळ उत्तर मिळाले, हे आपण मदरशात शिकतो. मराठीत र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला चालला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी कर्व्यांना दंड झालाच. आज प्रश्न विचारणाऱ्याला कोणी कोर्टात उभे करत नाही. तरीही आपण विचारत नाही आणि दुकानातून ट्यूब आणतो.

आधी नेहमीचे काय ते ओळखा

या जागेची त्वचा बाकीच्या अंगासारखी नसते. ती पातळ, सुरकुतलेली आणि गडद असते, तिच्यात तेलग्रंथी खूप असतात. त्यामुळे तिच्यावर काही ना काही दिसतेच. पुढच्या गोष्टी निरुपद्रवी आहेत, आणि नेमक्या यांनाच पाहून तरुण मुले रात्रीची झोप घालवतात.

शिश्नाच्या टोकाच्या कडेला राजगिऱ्याच्या दाण्याएवढ्या, एकसारख्या, त्वचेच्याच रंगाच्या पुटकुळ्यांची एक किंवा दोन ओळी असू शकतात. वयात आल्यावर त्या दिसू लागतात, खाजत नाहीत, दुखत नाहीत आणि वय वाढेल तशा फिक्या होतात. निरनिराळ्या पाहण्यांत शंभरातल्या १४ ते ४८ पुरुषांना त्या असल्याचे आढळले आहे. खतना झालेल्यांमध्ये त्या थोड्या कमी दिसतात. हा रोग नाही, संसर्ग नाही, आणि पत्नीलाही त्यापासून काही होत नाही.

त्वचा ताणली की दिसणारे पिवळट-पांढरे बारीक दाणे म्हणजे केस नसलेल्या तेलग्रंथी. असेच दाणे पुष्कळांच्या ओठांच्या कडेलाही असतात, आरशात पाहिले तर सापडतील. जॉन फोर्डाइस या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १८९६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना फोर्डाइसचे ठिपके म्हणतात.

चाळिशी-पन्नाशीनंतर अंडकोशाच्या कातडीवर लाल, जांभळे किंवा काळपट ठिपके येतात. त्या फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्या असतात. नख लागले तर एखाद्यातून रक्त येते. स्वच्छ फडक्याने काही मिनिटे दाबून धरले की ते थांबते. मात्र रक्त पुन्हा पुन्हा येत असेल तर दाखवून घ्यावे.

शिश्नाच्या खालच्या बाजूने आणि अंडकोशाच्या मधून जाणारी शिवणीसारखी काळी रेघ जन्मापासूनचीच असते. खतन्याच्या जागी त्वचेचे दोन रंग दिसणे, वर गडद आणि खाली फिका, हेही नेहमीचेच. अंडकोशाच्या कातडीत हरभऱ्याएवढ्या पांढरट, न दुखणाऱ्या गाठी कित्येकांना वर्षानुवर्षे असतात. त्या पिळू नयेत. पिळल्या की पू होतो.

या सगळ्यांत एक साम्य आहे. त्या बऱ्याच दिवसांपासून तशाच असतात, एकसारख्या असतात, खाजत-दुखत नाहीत आणि बदलत नाहीत. याउलट जे नवीन आहे, वाढते आहे, फुटले आहे, रक्त येते आहे, कडक लागते आहे किंवा झोपू देत नाही, ते डॉक्टरांनी पाहायला हवे. आणि दोन्हींपैकी नक्की काय आहे हे ठरत नसेल तर एकदा दाखवून मोकळे व्हावे. ब्लेडने खरवडणे, चुना लावणे, बिब्ब्याचा चटका देणे, हे उपाय निरुपद्रवी पुटकुळीची खरी जखम करतात.

इथे घरातल्या बायकांनाही एक सांगणे आहे. नवऱ्याच्या अंगावर असे काही दिसले की पहिला विचार संशयाचा येतो. या जागेवरचे बहुतेक डाग बाहेरख्यालीपणातून आलेले नसतात. खरूज, गजकर्ण, गोळीची रिॲक्शन, वाढलेली साखर, ही कारणे फार सामान्य आहेत. डॉक्टरांनी पाहण्याआधी निवाडा करू नये.

खिशातल्या ट्यूबची गोष्ट

आता जांघेतल्या खाजेकडे येऊ. पावसाळ्यात सगळ्यात जास्त तक्रार हीच. जांघेत लाल, गोल, कडेने उठलेला आणि मध्ये फिकट होत जाणारा चट्टा येतो. मराठीत याला गजकर्ण किंवा नायटा म्हणतात. ही बुरशी आहे. तिला ओल, घाम आणि ऊब लागते, आणि आंदर मावळच्या पावसाळ्यात तिला तिन्ही गोष्टी फुकट मिळतात.

दुकानातून येणाऱ्या ट्यूबमध्ये पुष्कळदा तीन-चार औषधे एकत्र असतात: एक बुरशीवरचे, एक जिवाणूंवरचे आणि एक जोरदार स्टेरॉइड. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन ही स्टेरॉइडची नावे ट्यूबवर बारीक अक्षरांत असतात. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज आणि लाली जाते. माणूस म्हणतो, "औषध भारी आहे." पण स्टेरॉइडने बुरशी मरत नाही. शरीर बुरशीशी जी लढाई करत होते, तीच ते बंद पाडते. लाली जाते, बुरशी आत शिल्लक राहते आणि शांतपणे पसरते. ट्यूब बंद केली की खाज दुप्पट होऊन परत येते, म्हणून पुन्हा ट्यूब. असे सहा महिने, वर्ष निघून जाते. चट्टा जांघेतून मांडीवर, कमरेवर, पोटावर जातो, कड्याच्या आत कडे तयार होते. कातडी कागदासारखी पातळ होते आणि जांघेत लांब पांढरे-जांभळे ओरखडे उमटतात. हे ओरखडे बुरशी बरी झाल्यावरही राहतात.

याच जागेवर हे इतके का होते, याला शास्त्रीय कारण आहे. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाक या संशोधकांनी एकच स्टेरॉइड शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर लावून किती शोषले जाते ते मोजले. हाताच्या कोपराखालच्या कातडीच्या तुलनेत अंडकोशाच्या कातडीतून ते ४२ पट शोषले गेले. म्हणजे हातावर जे औषध सौम्य, ते या जागेवर भलतेच तीव्र ठरते. पुष्कळ दिवस स्टेरॉइड लावलेल्या काहींचा अंडकोश कायमचा लालबुंद होतो आणि मिरची लागल्यासारखी आग होते. ती आग थांबावी म्हणून ते आणखी ट्यूब लावतात.

ही गोष्ट एका गावाची नाही, साऱ्या देशाची आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत भारतभरचे त्वचारोगतज्ज्ञ हट्टी गजकर्णाशी झगडत आहेत. या बुरशीचा एक प्रकार नेहमीच्या टर्बिनाफीन या औषधालाही दाद देईनासा झाला. भारत आणि नेपाळमधून आलेल्या रुग्णांच्या त्वचेतून मिळालेल्या या बुरशीला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव दिले. आपल्या देशाचे नाव असे एका बुरशीला चिकटले. २०२३ मध्ये ती अमेरिकेत न्यूयॉर्कलाही सापडली. केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये अशा स्टेरॉइडच्या मलमांना औषध नियमांच्या अनुसूची 'एच'मध्ये घातले, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम कागदावर आहे. तो पाळला जावा यासाठी गिऱ्हाइकानेही चिठ्ठीशिवाय मागणे थांबवले पाहिजे.

गजकर्ण बरे होते, पण त्याला वेळ लागतो. डॉक्टर योग्य औषध देतात, गरज पडल्यास पोटात गोळ्याही देतात, आणि उपचार कित्येक आठवडे चालतो. खाज गेली म्हणून मध्येच सोडायचा नाही. घरात आणखी कोणाला चट्टा असेल तर त्याचाही उपचार त्याच वेळी करायचा, नाहीतर ते एकमेकांकडे फिरत राहते. टॉवेल वेगळा ठेवायचा. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायचे, ऊन नसेल तर आतल्या बाजूनेही इस्त्री फिरवायची.

रात्री घरभर खाज असेल तर

खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, बेंबीभोवती पुरळ आहे आणि शिश्नावर व अंडकोशावर वाटाण्याएवढ्या लाल, खाजऱ्या गाठी आल्या आहेत, असे असेल तर ती बहुधा खरूज. ती एका बारीक किड्यामुळे होते, एका अंथरुणात झोपणाऱ्यांना आणि वसतिगृहातल्या मुलांना चटकन लागते. मुलगा वसतिगृहातून सुट्टीला घरी आला आणि पंधरवड्यात घरभर खाजवणे सुरू झाले, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

खरजेचा उपचार एकट्याने करून भागत नाही. डॉक्टरांनी दिलेले परमेथ्रिनचे मलम घरातल्या सगळ्यांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचे आणि सांगितल्याप्रमाणे आठवड्याने पुन्हा लावायचे. तान्ही मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्याबद्दल आधी विचारून घ्यावे. अंडकोशावरच्या गाठी किडे मेल्यावरही काही आठवडे खाजत राहतात. औषध फुकट गेले असे समजून रोज मलम चोपडू नये.

गोळी घेतली की तिथेच डाग

आणखी एक प्रकार अनेकांना ठाऊक नसतो. अंगदुखीची, तापाची किंवा जुलाबाची गोळी घेतली आणि काही तासांत शिश्नाच्या टोकावर आग होऊन गोल, लालसर-जांभळा डाग उठला. कधी त्यावर फोड येऊन कातडी सोलवटते. आठवड्या-दोन आठवड्यांत भरते, मागे काळा डाग राहतो. पुन्हा काही महिन्यांनी तीच गोळी, आणि नेमका त्याच जागी डाग. ही औषधाची ॲलर्जी आहे. वेदनाशामक गोळ्या, सल्फाची औषधे, जुलाबावरच्या काही मिश्र गोळ्या यांनी ती होते. लोक याला गरमी समजून घाबरतात आणि आणखी औषधे घेतात. डाग उठण्याआधीच्या दोन दिवसांत काय काय घेतले ते आठवा, गोळीचे पाकीट डॉक्टरांना दाखवा, आणि त्या औषधाचे नाव कागदावर लिहून कायम जवळ ठेवा. डोळे, तोंड आणि नाजूक जागा असे एकाच वेळी सोलवटले, सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

टोक लाल, चिरा, पांढरा थर: साखर तपासा

शिश्नाचे टोक लाल होते, खाजते, त्यावर दह्यासारखा पांढरा थर येतो किंवा पुढच्या कातडीला चिरा पडतात. ही कॅन्डिडा नावाच्या बुरशीची लक्षणे असतात. तरुण माणसाला एखादे वेळी होऊन बरे झाले तर ठीक. पण पुन्हा पुन्हा होत असेल तर साखर तपासलीच पाहिजे. कित्येकांना मधुमेह असल्याचे पहिल्यांदा कळते ते यातूनच. लघवीतून साखर जाऊ लागली की बुरशीला तिचे खाद्य मिळते. ज्यांना वाटते आपल्याला साखर नाही, त्यांनी तर जरूर तपासावी.

ज्यांना मधुमेह आहे आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे चालू आहेत, त्यांनीही लक्ष द्यावे. ही चांगली औषधे आहेत, पण ती जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात, म्हणून हा त्रास वाढू शकतो. गोळी मनाने बंद करू नये. डॉक्टरांना त्रास सांगावा, लघवीनंतर पाण्याने धुवून कोरडे करावे. इस्तिंजाची सवय इथे कामी येते. फक्त कोरडे करायला विसरू नये.

जखम दुखत नाही म्हणून सोडू नका

आता ज्याबद्दल बोलायला सगळ्यात जड जाते ते. शिश्नावर एक जखम, तळाशी कडक, न दुखणारी, आणि जांघेत गाठ. हा उपदंश असू शकतो, ज्याला जुनी माणसे गरमी म्हणतात. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी ती जखम येते आणि तीन ते सहा आठवड्यांत काही न करता भरून जाते. फसगत इथेच होते. जखम जाते, रोग रक्तात राहतो, आणि पुढे पत्नीला, तिच्या पोटातल्या बाळालाही होऊ शकतो. हा रोग पेनिसिलिनच्या इंजेक्शनने बरा होतो, आणि रक्ताच्या साध्या तपासणीत कळतो.

बारीक पाण्याच्या फोडांचा घोस, आग, मग दुखणाऱ्या जखमा, आणि काही महिन्यांनी पुन्हा तसेच, हे हर्पीसचे चित्र. फ्लॉवरच्या तुऱ्यासारखे खडबडीत कोंब वाढत असतील तर ते एचपीव्ही विषाणूचे मस असतात. दोन्हींवर उपचार आहेत. या आजारांत पती-पत्नी दोघांची तपासणी लागते. दोष कोणाचा हा प्रश्न घरात नंतरही सोडवता येईल, उपचार आधी.

सरकारी जिल्हा रुग्णालये आणि वैद्यकीय महाविद्यालये यांत 'सुरक्षा क्लिनिक' नावाचे विभाग असतात. तिथे तपासणी आणि औषध मोफत मिळते, आणि गोपनीयता पाळली जाते. एचआयव्हीची तपासणी आणि माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन तर २०१७ च्या कायद्यानेच घातले आहे. फोनवर विचारायचे असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

पांढरा चट्टा आणि न भरणारा व्रण

पांढऱ्या डागांचे दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. फक्त रंग गेला आहे, कातडी मऊ आणि नेहमीसारखी आहे, तर ते बहुधा कोड. त्याने धोका नाही, संसर्ग नाही. पण कातडी पांढरी, चकचकीत, ताठ झाली आहे, खाज किंवा चिरा आहेत, लघवीची धार बारीक होत चालली आहे, तर तो लायकेन स्क्लेरोसस नावाचा आजार असू शकतो. लवकर उपचार केला तर तो आटोक्यात राहतो. दुर्लक्ष केले तर लघवीचे तोंड आवळते, आणि थोड्या रुग्णांत पुढे कर्करोगाचा धोका असतो. इथे डॉक्टर स्वतः स्टेरॉइडचेच मलम देतात. औषध तेच, पण कोणत्या आजाराला, किती आणि किती दिवस, हे जाणणाऱ्याच्या हातात ते उपचार ठरते.

शिश्नाचा कर्करोग दुर्मीळ आहे, आणि लहानपणी खतना झालेल्यांत आणखी दुर्मीळ. दुर्मीळ म्हणजे अशक्य नव्हे. तंबाखू, एचपीव्ही आणि वर्षानुवर्षांची जळजळ ही त्याची कारणे. चार आठवड्यांत न भरलेला व्रण, मखमलीसारखा लाल ओलसर चट्टा, वाढणारी गाठ, दुर्गंधी, रक्त, यांपैकी काहीही असेल तर तुकडा तपासणी लागते. सुरुवातीलाच सापडला तर अवयव वाचवून उपचार होतात. उशीर झाला तर वाचत नाही. एचपीव्हीवर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हाव्हॅक' ही भारतीय लस २०२३ पासून मिळते, आणि ती मुलींप्रमाणे मुलांनाही देता येते.

ताप आणि जांघेत काळी खपली

रानात, गवतात, बांधावर काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. पावसाळा आणि त्यानंतरच्या महिन्यांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी, आणि जांघेत, अंडकोशावर किंवा काखेत सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असेल तर तो स्क्रब टायफस असू शकतो. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून तो होतो. २०१८ मध्ये नागपूर आणि विदर्भात याची साथ आली होती. खपली दुखत-खाजत नाही आणि झाकलेल्या जागी असते, म्हणून रुग्ण सांगत नाही आणि डॉक्टरांना दिसत नाही. वेळेवर डॉक्सिसायक्लिन दिले तर माणूस बरा होतो, उशीर झाला तर प्राणावर बेतते. अशा तापात डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, "इथे एक काळा डाग आहे." लाजेने न बोललेले एक वाक्य इथे जीव घेऊ शकते.

सकाळपर्यंत थांबायचे नाही असे

अंडकोशात अचानक जोराची कळ, सोबत उलटी, विशेषतः मुलाला: वृषणाला पीळ बसलेला असू शकतो आणि तो वाचवायला साधारण सहा तासच असतात. मधुमेही माणसाला अंडकोशावर वेगाने वाढणारी सूज, भयंकर दुखणे, काळी पडणारी कातडी आणि ताप. मागे ओढलेली पुढची कातडी पुन्हा पुढे न येणे आणि टोक सुजणे. लघवी अडणे. या चारांपैकी काहीही असेल तर मध्यरात्र असली तरी गाडी काढावी. गावात कोणाकडे गाडी आहे आणि कोण उठेल, हे आधीच ठाऊक असावे.

मुलांचा खतना: दोन गोष्टी

खतन्यानंतर दोन-तीन दिवसांनी टोकावर पिवळसर पातळ थर येतो. तो पू नसतो, जखम भरण्याचाच भाग असतो. तो खरवडून काढू नये. मात्र रक्त थांबत नसेल, सूज-लाली वाढत असेल, ताप असेल किंवा लघवी होत नसेल तर डॉक्टरांकडे जावे.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. काही मुलांच्या लघवीचे छिद्र टोकावर नसून खालच्या बाजूला असते. अशा मुलाचा खतना आधी करू नये. छिद्र योग्य जागी आणण्याच्या शस्त्रक्रियेत सर्जनला ती पुढची कातडी लागते. ती कापून टाकली की काम अवघड होते. आजी-आजोबांनी तारीख ठरवली असली तरी आधी बाळाला डॉक्टरांना दाखवावे. घराण्यात रक्त न थांबण्याचा आजार असेल तर तेही सांगावे. खतना न झालेल्या लहान मुलाची कातडी मागे जात नसेल तर ती जोराने ओढू नये, बालपणी ते स्वाभाविक असते.

रोजची काळजी

साधे पाणी पुरेसे आहे. तीव्र साबण आणि अँटिसेप्टिक द्रव या जागेला लावू नयेत, त्यांनीच आग होते. गुस्लनंतर जांघ टिपून कोरडी करावी. सुती, सैल चड्डी वापरावी, पावसाळ्यात एक जादा जोड पिशवीत घेऊन निघावे आणि कामाच्या जागी पोचल्यावर बदलावी. केस काढताना ब्लेड नवीन आणि स्वतःचेच असावे. केस काढण्याच्या क्रीम आणि पावडरी अंडकोशावर भाजल्यासारख्या जखमा करतात. ज्यांना वस्तऱ्याने केसतोड होतात त्यांनी कात्रीने बारीक करावेत. त्यातला मसला आपल्या आलिमांना विचारता येईल.

कुठे जायचे, काय सांगायचे

आंदर मावळातल्यांसाठी पहिली पायरी टाकवे बुद्रुकचे प्राथमिक आरोग्य केंद्र, पुढे कान्हे फाट्याचे सरकारी रुग्णालय, आणि तज्ज्ञ हवा असेल तर पिंपरीचे वायसीएम किंवा पुण्याचे ससून. ससूनला त्वचारोगाची बाह्यरुग्ण सेवा आहे. किशोरवयीन मुलांसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री क्लिनिक' असते. तिथे मुलगा एकटा जाऊन बोलू शकतो.

दारात गेल्यावर शब्द सुचत नाहीत, म्हणून घरूनच चार ओळी लिहून न्याव्यात: कधीपासून आहे, खाज-दुखणे-रक्त यांपैकी काय, आतापर्यंत काय काय लावले, कोणत्या गोळ्या घेतल्या, घरात आणखी कोणाला आहे का. वापरलेली ट्यूब सोबत न्यावी. "मला खाली त्रास आहे, एकट्यात बोलायचे आहे," एवढे वाक्य पुरते. डॉक्टरांनी असे शेकडो रुग्ण पाहिलेले असतात. आपल्याला जे जगावेगळे वाटते ते त्यांच्या रोजच्या ओपीडीतले असते.

वडिलांनी मात्र एक काम डॉक्टरांवर सोडू नये. मुलगा बारा-तेरा वर्षांचा झाला की गुस्लचे नियम आपण त्याला शिकवतोच. त्याच वेळी आणखी दोन वाक्ये सांगावीत: "या जागेवर काही वेगळं दिसलं, दुखलं, खाजलं, तर मला सांग. रागावणार नाही." वडील नसतील तर मामूंनी, चाचांनी, मोठ्या भावाने सांगावे. ज्या मुलाला हे ऐकायला मिळते, तो पुढच्या पावसाळ्यात मेडिकलच्या काउंटरवर गर्दी ओसरण्याची वाट पाहत उभा राहत नाही.